शेती कार्यशाळेतील यंत्रांसाठी पायाने वेगनियंत्रण

अवजारांना पॉलिश करताना दोन्ही हात कामात गुंतलेले असतात. वेग बदलण्यासाठी एक हात काढल्यास वस्तू निसटून इजा होऊ शकते. शिलाई मशीनप्रमाणे पायाच्या पेडलने वेग बदलता आल्यास हा धोका कमी होतो. त्यासाठी लागणारे सुटे भाग चेन्नईतील रिची स्ट्रीट, मुंबईतील लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातील बुधवार पेठ येथे मिळतात. मात्र खरेदीपूर्वी यंत्राची मोटर कोणत्या प्रकारची आहे, हे तपासणे आवश्यक आहे.

मोटरचा प्रकार ओळखा

हँड ड्रिल व शिलाई मशीनच्या मोटरला कार्बन ब्रश असतात. अशा मोटरचा वेग योग्य क्षमतेच्या ट्रायॅक रेग्युलेटरने बदलता येतो. बेंच ग्राइंडरची सिंगल फेज इंडक्शन मोटर मात्र रेग्युलेटरवर चालवू नये. पंख्याचा भार वेगाबरोबर घटतो, म्हणून त्याला रेग्युलेटर चालतो. यंत्राचा भार तसा घटत नाही. व्होल्टेज कमी झाल्याने मोटर जास्त प्रवाह घेते, तापते व वाइंडिंग जळते.

थ्री फेज मोटरसाठी व्हीएफडी

इंडक्शन मोटरसाठी थ्री फेज मोटर व व्हीएफडी ही जोडी योग्य ठरते. सिंगल फेज 230 व्होल्टवर चालणारे लहान व्हीएफडी मिळतात. त्यासाठी मोटरची जोडणी नेमप्लेटवरील व्होल्टेजनुसार करावी.

1. पेडलखाली 10 किलोओहमचा पोटेन्शिओमीटर बसवून तो व्हीएफडीच्या 10 व्होल्ट नियंत्रण टर्मिनलला जोडावा. त्यामुळे पायाजवळ 230 व्होल्टचा प्रवाह येत नाही.
2. पाय उचलताच पेडल वर यावे, यासाठी मजबूत स्प्रिंग लावावी.
3. पेडल पूर्ण वर आल्यावर 'स्टार्ट' परिपथ तोडणारा लिमिट स्विच बसवावा.
4. कमाल वारंवारता 50 हर्ट्झवर मर्यादित ठेवावी. ग्राइंडरचे चाक त्यावर नोंदलेल्या वेगापेक्षा जास्त फिरल्यास फुटू शकते.
5. मंद वेगात मोटरचा पंखा पुरेशी हवा देत नाही. म्हणून दीर्घकाळ मंद चालवू नये.

सुरक्षितता

मोटर व व्हीएफडी यांना अर्थिंग अनिवार्य आहे. हाताच्या टप्प्यात स्वतंत्र आपत्कालीन स्विच असावा, कारण पेडल त्याला पर्याय नाही. पेडलवर काही पडून यंत्र सुरू होऊ नये, यासाठी वर पत्र्याचे आवरण द्यावे. वीजपुरवठा बंद केल्यावरही व्हीएफडीच्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार राहतो; माहितीपुस्तिकेत दिलेला वेळ थांबूनच झाकण उघडावे. जोडणी परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावी.

मळणी यंत्र व कडबाकुट्टीला असे पेडल लावू नये. तेथे वेगनियंत्रणापेक्षा संरक्षक आवरण व सुरक्षित भरणी अधिक महत्त्वाची आहे.