चकवा लागलेला घन
(लेखमाला : एका खोलीतलं भय, भाग ५)

‘चकवो लागलो’ म्हणजे काय, हे सिंधुदुर्गात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माणूस रोजच्याच पाणंदीने घराकडे निघतो, अंधारात तास-दोन तास चालतो आणि पुन्हा त्याच गडग्यापाशी येऊन उभा राहतो. वाट ओळखीची, पाय सवयीचे, पण घर काही येत नाही. जुनी माणसं यावर एक उपाय सांगत आली: असशील तिथे बस आणि उजाडेपर्यंत हलू नको.

या आठवड्याचा चित्रपट म्हणजे पडद्यावर लागलेला चकवाच आहे. नाव ‘क्यूब’, म्हणजे घन. साल १९९७, देश कॅनडा, दिग्दर्शक विन्चेन्झो नताली. पूर्ण लांबीचा हा त्याचा पहिलाच चित्रपट.

काही अनोळखी माणसं चौकोनी खोल्यांत जागी होतात. अंगावर कैद्यांसारखे कपडे. कुणी आणलं, कशासाठी आणलं, काही पत्ता नाही. खोलीच्या सहाही बाजूंना, अगदी छतात आणि जमिनीतही, एकेक दार. प्रत्येक दारापलीकडे तशीच खोली, फक्त रंग निराळा. काही खोल्या निर्धोक, काहींत मरण दबा धरून बसलेलं. सुरुवातीलाच एक माणूस नव्या खोलीत पाऊल टाकतो, क्षणभर काहीच होत नाही आणि मग उभ्याउभ्याच त्याच्या शरीराचे चौकोनी तुकडे खाली ढासळतात. तारांची जाळी अंगातून आरपार गेली, हे त्याला कळायलाही वेळ मिळालेला नसतो.

या माणसांची नावं जगातल्या तुरुंगांवरून घेतली आहेत. क्वेंटिन, हॉलोवे, कझान, रेन, आल्डरसन. आणि लेव्हन व वर्थ ही दोन नावं जोडली की अमेरिकेतलं लेव्हनवर्थ तयार होतं. त्यातला रेन सात तुरुंगांतून पळालेला. पुढच्या खोलीत जाण्याआधी तो नाडीला बांधलेला बूट आत भिरकावतो आणि ओढून घेतो. काही हललं नाही, तर खोली सुरक्षित. अंधारात पुढे काठी आपटत चालणाऱ्या माणसाचीच ही युक्ती. ती बऱ्याचदा उपयोगी पडते आणि मग एका खोलीत पडत नाही: तिथला सापळा हालचाल ओळखणारा नसतोच. आम्लाचा फवारा थेट रेनच्या तोंडावर येतो. सगळ्यांत अनुभवी माणूस असा आधी जातो आणि प्रेक्षकाचा आधार सुटतो.

मग गणित पुढे येतं. प्रत्येक दाराच्या चौकटीवर तीन-तीन अंकी तीन संख्या कोरलेल्या असतात. गणिताची विद्यार्थिनी असलेल्या लेव्हनला वाटतं, तिन्हींपैकी एक जरी मूळ संख्या निघाली, तर आत सापळा आहे. ६४५, ३७२, ६४९. पहिली पाचाने तुटते, दुसरी सम आहे, तिसरीवर ती अडखळते, तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आणि ६४९ म्हणजे ११ गुणिले ५९ हे सापडल्यावरच दार उघडलं जातं. शाळेत नकोसा वाटणारा अवयव पाडण्याचा धडा इथे जीव मुठीत धरून ऐकावा लागतो. पुढे हा नियमही अपुरा ठरतो. आणि या सगळ्या खोल्या मिळून बनलेला घन अवाढव्य निघतो: दर बाजूला २६ खोल्या, एकूण १७,५७६.

आता यातली खरी गंमत. एवढ्या खोल्या दाखवायला नतालीकडे सेट होता एक, आणि जोडीला आणखी एका खोलीचा थोडा भाग. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १४ फूट. भिंतींतली रंगीत पारदर्शक पानं बदलली की खोली लालची निळी व्हायची. ती बदलायला वेळ लागे, म्हणून एका रंगाचे सगळे प्रसंग एका दमात चित्रित करत. माणसाचं वजन पेलणारं दार तर एकच होतं. रोख खर्च सुमारे साडेतीन लाख कॅनेडियन डॉलर, चित्रीकरण जेमतेम तीन आठवड्यांचं, आणि संगणकावरची दृश्यं टोरोंटोच्या एका कंपनीने फुकट करून दिलेली. एका जागेत गोष्ट रंगू शकते, हे पटवून देण्यासाठी नतालीने आधी लिफ्टमध्ये घडणारा ‘एलिव्हेटेड’ हा लघुपट केला होता.

जत्रेत रात्रभर दशावतार पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. देवळासमोर एक पडदा, एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. त्याच बाकड्यावर राजाचा दरबार भरतो, तेच पुढच्या प्रवेशात रान होतं. पात्र म्हणालं, ‘या घनदाट अरण्यात’, की प्रेक्षकाला झाडं दिसू लागतात. बाकडं बदलत नाही, बघणाऱ्याचा विश्वास बदलतो. नतालीने रंगीत पानांनी जे साधलं, ते दशावतारी नट शब्दांनी आणि पखवाजाच्या थापेने पिढ्यान्‌पिढ्या साधत आले आहेत.

‘क्यूब’मधला सर्वांत उत्तम प्रसंगही जवळजवळ बिनखर्चाचा आहे. एका खोलीतला सापळा आवाजाने सुरू होतो. जरा खुट्ट झालं की भिंतींतून टोकदार सुळे बाहेर येतात. पाच माणसं एकेक करून ती ओलांडतात. कपड्याची सळसळ, श्वास, तळव्याचा धातूवरचा हलका स्पर्श. शेवटचा माणूस मध्यावर असताना, काहीच न समजणारा कझान तोंडातून एक छोटासा आवाज काढतो. संगीताचा गोंगाट करून दचकवणाऱ्या आपल्याकडच्या भयपटांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा बघावा. चित्रपटात उणिवाही आहेत. संवाद अनेकदा ठोकळेबाज आहेत, अभिनय भडक होतो, आणि क्वेंटिनचं खलपुरुषात रूपांतर फार घाईने उरकलं आहे.

(चित्रपट पाहायचा असेल, तर हा परिच्छेद सोडून द्यावा.) तासन्‌तास सरपटून ही माणसं पोहोचतात ती थेट रेनच्या प्रेतापाशी. फिरून तिथेच. तेव्हा उमगतं की खोल्याच जागा बदलताहेत. बाहेर नेणारी खोली कोणती, याचा हिशेब लागतो, तेव्हा उत्तर येतं: जिथून निघालो ती. तिथेच बसून राहिले असते, तर खोली आपसूक दाराशी आली असती. असशील तिथे बस, हलू नको.

चकव्यामागचं शास्त्रही तपासलं गेलं आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेन इथल्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सूमन आणि सहकाऱ्यांनी माणसांना जंगलात आणि सहारा वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता, तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. ढग आले, तेव्हा ती वर्तुळात फिरली, स्वतःच्याच वाटेला छेद देत गेली, आणि तरीही आपण सरळ चाललो आहोत असं त्यांना वाटत होतं. डोळे बांधल्यावर काहींची वर्तुळं २० मीटर व्यासाइतकी लहान झाली. ‘सरळ’ कुठे, याबद्दलच्या मेंदूच्या अंदाजात बारीक चुका साठत जातात, हे त्यांचं निदान २००९ साली प्रसिद्ध झालं. पावसाळी काळोखात रानातून चालणारा कोकणी माणूस नेमका याच अवस्थेत असतो.

‘क्यूब’सारखा एका जागेत माणसं कोंडून भय उभं करण्याचा प्रयोग सिंधुदुर्गातही झाला आहे. २०१६ साली झी मराठीवर आलेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातल्या वाड्यात चित्रित झाली. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर जमलेलं कुटुंब, कुणालाही धड सोडता न येणारं घर, आणि एकमेकांवरचा वाढता संशय. पांडूचं काम करणाऱ्या प्रल्हाद कुडतरकर यांचा लेखनातही हात होता, म्हणून तिथली मालवणी उसनी वाटली नाही. पुढे लोक तो वाडा बघायला गाड्या करून आकेरीला येऊ लागले. मालिका लांबत गेली, तसं भय पातळ झालं, हेही खरं. तोच वाडा, तीच माणसं आणि दीड तासाची मर्यादा मिळती, तर फार मोठं काम झालं असतं. ते अजूनही होऊ शकतं. रिकामी घरं आणि दशावतारात तयार झालेले नट या किनाऱ्यावर आहेत.

पुढच्या आठवड्यात २००४ सालचा ‘सॉ’: एक न्हाणीघर, साखळदंडांनी बांधलेले दोघे आणि १८ दिवसांचं चित्रीकरण. तोवर वाचकांना एक विनंती. घरातल्या आजी-आजोबांना चकव्याची गोष्ट विचारा. कुठल्या पाणंदीवर लागला, महिना कुठला होता, चांदणं होतं की नव्हतं, आणि सुटका कशी झाली, हे त्यांच्याच बोलीत वहीत उतरवून ठेवा.