भूमिगत इंधन-टाक्यांची गळती व कातळातील भूजल : ठाणे-कल्याण परिसरातील अन्वेषणाची दिशा

भूमिगत टाकीतून पाझरणारे इंधन डोळ्यांना दिसत नाही. आणि ज्या विहिरीत ते पोहोचते ती विहीर बहुधा टाकीच्या मालकाची नसते. त्यामुळे हा प्रश्न केवळ रसायनशास्त्राचा न राहता सार्वजनिक आरोग्याचा ठरतो. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत अनेक पेट्रोल पंप दाट वस्तीलगत आहेत, आणि त्याच वस्तीत नळाच्या पाण्याला पूरक म्हणून विहिरी व कूपनलिका वापरल्या जातात. अशा ठिकाणी गळतीचा संशय आल्यास माती व भूजल यांची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, आणि तिच्या निष्कर्षांवर कितपत विसंबावे, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम प्रमाणाची कल्पना येणे अवश्य आहे. पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. त्यांपैकी बेंझीन, टोल्यूइन, एथिलबेंझीन व झायलीन ही चार द्रव्ये पाण्यात इतरांच्या मानाने अधिक विरघळतात. बेंझीन तर कर्करोगजनक आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत-६ मानकानुसार पेट्रोलमध्ये आकारमानाने १ टक्क्यापर्यंत बेंझीन चालते. म्हणजे एका लिटरमध्ये सुमारे ८.८ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी सुचविलेली बेंझीनची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. या हिशेबाने एका लिटर पेट्रोलमधील बेंझीन सुमारे ८ लाख ८० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे होते. बाष्पीभवनाने व जीवाणूंच्या क्रियेने त्यातील बराच भाग नाहीसा होतो हे खरे. तथापि पंपाच्या रोजच्या हिशेबात लक्षातही न येणारी गळती उपेक्षणीय नसते, एवढे यावरून स्पष्ट व्हावे.

पाठ्यपुस्तकांतील वर्णन बहुधा वाळूच्या सलग थराचे असते. इंधन खाली उतरते, पाण्याहून हलके असल्याने भूजलपातळीवर तरंगते, आणि त्याचा विरघळलेला अंश प्रवाहाच्या दिशेने लांबट पट्ट्यासारखा पसरतो. ठाणे-कल्याण परिसराला हे चित्र जसेच्या तसे लागू पडत नाही. येथील भूमी दक्षिण ट्रॅपच्या लाव्हाथरांची आहे. वर माती व मुरूम, त्याखाली कोठे काळा पाषाण तर कोठे मांजऱ्या खडक, आणि काही थरांच्या दरम्यान गेरूचा तांबडा पट्टा, अशी रचना आढळते. काळ्या पाषाणातून पाणी वाहते ते केवळ भेगांतून. गेरूचा थर पाण्याची खालची वाट बहुधा अडवितो व त्यास आडवे वळवितो. उभ्या भित्ती कोठे बांधाचे, तर कोठे वाटेचे काम करतात. खाडीलगतच्या खाजणांत चिकणमाती असून तेथील पाणी भरती-ओहोटीबरोबर वरखाली होते. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते : टाकीपासून दहा मीटरवरील वेधनछिद्र निर्मळ निघावे आणि शंभर मीटरवरील विहिरीस वास यावा, हे येथे सहज संभवते.

दुसरा विशेष ऋतुमानाचा. येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे २,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भूजलपातळी वर चढली की तरंगणाऱ्या इंधनाचा काही भाग पाण्याखाली थेंबाथेंबाने अडकून पडतो. निरीक्षणविहिरीतील तवंग पातळ होतो, क्वचित दिसेनासाही होतो. मे महिन्यात पातळी उतरल्यावर तोच तवंग पुन्हा प्रकट होतो. पावसाळ्यात तवंग नाही एवढ्यावरून भूमी शुद्ध झाली असे मानणे, ही या प्रदेशातील तपासणीत सर्वांत सुलभ अशी चूक होय. शिवाय कातळात खोदून वाळूने अथवा मुरमाने भरलेला टाकीचा खड्डा पावसात हौदासारखा भरतो, आणि त्यातील पाणी गटारांच्या व जलवाहिन्यांच्या चरांतून दूरवर जाते. म्हणून या चरांचे नकाशे भूस्तरांच्या नकाशाइतकेच अगत्याचे आहेत.

अन्वेषणाचा आरंभ कागदपत्रांपासून करावा. टाकीचे वय, तिची घडण, दुरुस्त्या, आणि दांडी बुडवून मोजलेला साठा व विक्री यांचा मेळ पाहावा. तपमानामुळे व बाष्पीभवनामुळे रोज थोडी तफावत येतेच. परंतु ती सातत्याने एकाच बाजूस झुकत असेल तर संशयास आधार मिळतो. त्यानंतर परिसरातील विहिरींची पाहणी, मग मातीतील वायूंचे मापन, आणि त्यावरून वेधनछिद्रांच्या जागा, असा क्रम योग्य होय. प्रवाहाची दिशा ठरविण्यास किमान तीन निरीक्षणविहिरी लागतात. भेगाळ कातळात मात्र तीनांवर भागत नाही. नळीचा जाळीदार भाग भूजलाच्या वार्षिक चढउताराचा संपूर्ण पल्ला व्यापणारा असावा. तो सदैव पाण्याखाली राहिल्यास तवंग विहिरीत शिरतच नाही. विहिरीत दिसणारी तवंगाची जाडीही प्रत्यक्ष भूस्तरातील जाडीहून बहुधा अधिक असते, हे ध्यानात ठेवावे.

पाण्याचा नमुना काचेच्या लहान कुपीत, हवेचा बुडबुडा न राहील असा काठोकाठ भरावा, आणि थंड ठेवून सत्वर प्रयोगशाळेत न्यावा. अन्यथा बाष्पशील द्रव्ये वाटेतच उडून जातात. वायुवर्णलेखनाच्या जोडीस विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, लोह व सल्फेट यांचे मापन केल्यास जीवाणूंकडून होणाऱ्या विघटनाचा अंदाज बांधता येतो. पेट्रोलमधील इथेनॉल या कामी अडथळा आणते. जीवाणू प्रथम इथेनॉलवर ताव मारतात व प्राणवायू संपवितात. त्यामुळे बेंझीन अधिक काळ टिकते.

डोंबिवलीत उगमाचा प्रश्न विशेष नाजूक आहे. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने या औद्योगिक क्षेत्राची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत केली होती. टोल्यूइन व झायलीन ही कारखान्यांतील नित्याची द्रावके असल्याने केवळ त्यांच्या अस्तित्वावरून पेट्रोल पंपास दोषी ठरविता येत नाही. चारही द्रव्यांचे परस्परप्रमाण व इतर हायड्रोकार्बने पाहावी लागतात. शिसेयुक्त पेट्रोलची विक्री देशात २००० साली बंद झाली; तेव्हा त्यातील सेंद्रिय शिशाची संयुगे सापडल्यास ती गळती त्यापूर्वीची असण्याचा संभव मोठा.

केंद्रीय मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी शाळा, रुग्णालये व निवासी विभाग यांपासून साधारणतः ५० मीटर अंतराची अट घातली. वर वर्णिलेल्या भूरचनेत अंतर हे एकटे पुरेसे संरक्षण नव्हे, आणि जुन्या टाक्या तर वस्तीतच आहेत. दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र शासनाने २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले असल्याने अशा तपासण्यांच्या निष्कर्षांस आता अधिक वजन येईल. म्हणूनच ‘दूषण आढळले नाही’ असे लिहिताना कोणत्या खोलीवर, कोणत्या थरात व कोणत्या महिन्यात ते आढळले नाही, हे नमूद केलेच पाहिजे. मे व ऑक्टोबर या दोन्ही वेळची निरीक्षणे हाती आल्यावाचून येथील कोणतीही विहीर निर्दोष ठरविणे शास्त्रास धरून होणार नाही. कारण त्या निर्वाळ्यावर विसंबून पाणी पिणारा माणूस तो अहवाल वाचणारा नसतो.