प्रेअरीवरील हॅम्लेट आणि त्याची लोकसंख्या : एक अर्थविचार

शब्दकोशात ‘हॅम्लेट’ या शब्दापुढे ‘वाडी’, ‘पाडा’ असे प्रतिशब्द आढळतात. परंतु आपल्याकडील वाडी डोळ्यांसमोर ठेवून कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील हॅम्लेटविषयी वाचू लागल्यास अर्थबोधात घोटाळा होतो. वाडीत शेतकरी राहतो आणि त्याचे शिवार वाडीभोवती असते. प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात मात्र शेतकरी सहसा हॅम्लेटमध्ये राहत नसे.

असे का झाले, हे पाहू. 1872च्या डोमिनियन लँड्स कायद्यानुसार तेथील जमीन एकेक चौरस मैलाच्या, म्हणजे 640 एकरांच्या ‘सेक्शन’मध्ये आखली गेली. त्याचा चतुर्थांश, 160 एकर, दहा डॉलर शुल्क भरून वसाहतकऱ्याला मिळे. त्याच जमिनीवर घर बांधून राहणे आणि तीन वर्षांत जमीन लागवडीस आणणे, अशा अटी होत्या. त्यामुळे घरे विखुरली. (सरकारी नकाशात ‘मोकळी’ दिसणारी ही भूमी क्री, असिनिबॉइन आदी आदिवासी समाजांची होती, हे ‘वसाहत’ हा शब्द वाचताना विसरू नये.)

हॅम्लेट वसले ते रेल्वेच्या कडेला. गहू भरलेली घोडागाडी स्थानकावर रिकामी करून शेतकऱ्याला दिवसाउजेडी घरी परतता यावे, अशा बेताने साधारण सात ते दहा मैलांवर स्थानके ठेवली जात. स्थानकाशेजारी धान्य साठवण्याचा उंच लाकडी एलिव्हेटर, दुकान, टपाल कार्यालय, शाळा, चर्च. नावेही अनेकदा रेल्वे कंपनीच देई. ग्रँड ट्रंक पॅसिफिकच्या मार्गावर व्हेन, वॉट्रस, झीना, यंग, झेल्मा अशी स्थानके ओळीने येतात. रोमन लिपीतील शेवटच्या पाच अक्षरांनी ती क्रमाने सुरू होतात. देवनागरीत लिहिताच हा क्रम लपतो. स्थळनामांत स्थानिक इतिहास शोधणाऱ्या अभ्यासकाला येथे वर्णमालेखेरीज फारसे काही सापडत नाही.

आता ‘लोकसंख्या’ या शब्दाकडे वळू. हॅम्लेटच्या हद्दीत मोजले जाणारे लोक म्हणजे दुकानदार, स्थानकमास्तर, शिक्षिका, एलिव्हेटर सांभाळणारा आणि त्यांची कुटुंबे. ज्यांच्यासाठी हे सारे उभे होते, ते शेतकरी हद्दीबाहेर राहत आणि या आकड्यात येत नसत. शेतावरची घरे कमी झाली, की दुकानाचे गिऱ्हाईक आणि शाळेतील मुले घटत; हॅम्लेटचा आकडा त्यामागोमाग खाली येई. मालमोटार आणि ट्रॅक्टर आल्यावर नेमके हेच घडले. 2021मध्ये सस्कॅचेवानमधील सरासरी शेत 1,700 एकरांहून मोठे होते, म्हणजे पूर्वीच्या दहा वाटपांएवढे! धान्यवाहतुकीचा सवलतीचा ‘क्रो’ दर 1995मध्ये संपला. अनेक फाटे बंद पडले, एलिव्हेटर पाडले गेले. प्रांताची लोकसंख्या मात्र 1931मध्ये 9,21,785 होती, ती 2021मध्ये 11,32,505 झाली. माणसे रिजायना, सॅस्काटून अशा शहरांत एकवटली.

आकडा घटला, की कायद्यातील नावही बदलू शकते. रॉबसार्ट हे पूर्वी स्वतंत्र परिषद असलेले ‘व्हिलेज’ होते. 1 जानेवारी 2002 रोजी तो दर्जा संपला आणि ते रेनो या ग्रामीण नगरपालिकेच्या कारभाराखालील हॅम्लेट झाले. म्हणजे येथे ‘हॅम्लेट’ हा शब्द आकाराबरोबर गमावलेला अधिकारही सांगतो. ‘वाडी’ या प्रतिशब्दात ती छटा उतरत नाही.

मग ‘बेचिराख’ म्हणावे काय? आपल्या महसुली दप्तरात बेचिराख गाव म्हणजे जेथे कोणी राहत नाही असे गाव. मूळ फारसी अर्थ ‘दिवा नसलेले’. तेथे माणसे गेली, तरी गावाचे नाव आणि गटक्रमांक दप्तरात टिकतात. रॉबसार्टमध्ये उलट घडले. दर्जा गेला तेव्हा तेथे माणसे राहत होती.

स्वयं-अध्ययन : आपल्या तालुक्यातील एखाद्या बेचिराख गावाची महसुली नोंद मिळवा. तिच्यातील ‘गाव’ या शब्दाचा अर्थ आणि बोलण्यातील ‘गाव’ यांत कोणता फरक दिसतो, ते दहा ओळींत लिहा.