संगणक आपले नाव कसे वाचतो?



मंडळाची सभासद नोंदवही आता संगणकावर आली आहे. नोंदीचा प्रोग्राम मुद्दाम जुन्या वळणाचा ठेवला आहे: काळा पडदा, पांढरी अक्षरे, लुकलुकणारा कर्सर आणि सगळे काम कीबोर्डावर. तरुणांना याची गंमत वाटते. आम्हा बँकेतल्या निवृत्तांना मात्र ही पद्धत ओळखीची आहे. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंग मशीन आली. तेव्हा खाते क्रमांक टाइप करायचा, एंटर दाबायचे, रक्कम टाइप करायची, पुन्हा एंटर, असेच काम चाले. हुबळीच्या बाजारात टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनाही हे नवीन नाही.

आपण टाइप करतो तेव्हा आत काय घडते, ते समजून घेऊ. कळ दाबली की प्रोग्रामकडे अक्षर जात नाही, त्या अक्षराचा ठरलेला क्रमांक जातो. हे क्रमांक एका तात्पुरत्या जागेत ओळीने साठत राहतात. एंटर दाबेपर्यंत ती ओळ आपल्या हातात असते, खोडता येते, बदलता येते. एंटर दाबले की प्रोग्राम ती उचलतो, मागचीपुढची रिकामी जागा छाटतो, तपासतो आणि मगच साठवतो.

तपासणी का लागते? वर्गणीच्या रकान्यात ५०० टाइप केले तरी प्रोग्रामला ती रक्कम दिसत नाही. त्याला तीन चिन्हे दिसतात. त्यांचे संख्येत रूपांतर केल्याशिवाय बेरीज होत नाही. त्यातही इंग्रजी पाचचा क्रमांक ५३ आणि मराठी पाचचा २४११. जुन्या धाटणीच्या अनेक प्रोग्रामांना मराठी अंक हा अंकच वाटत नाही. म्हणून आमचा प्रोग्राम दोन्ही अंक स्वीकारतो आणि रकमेच्या जागी अक्षर आले तर पुन्हा विचारतो.

नावांचे प्रकरण याहून नाजूक आहे. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका पद्धतीत आडनावाचे सात क्रमांक होतात. दुसरीत मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह येते आणि आठ होतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना संगणक म्हणतो, ‘असे नाव नाही.’ कुलकर्णी आणि कुळकर्णी ही तर उघडच दोन नावे झाली. इंग्रजी लिपीत लिहून हा प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. काळे आणि काले तिथे एकच होतात आणि दाते चक्क तारखेचा इंग्रजी शब्द बनतात!

एवढे मनावर का घ्यायचे? ठेवीदार गेल्यानंतर वारस बँकेत येतो आणि पासबुकावरचे नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावरचे नाव जुळत नाही, हे आम्ही काउंटरमागून अनेकदा पाहिले आहे. माणूस तोच, पैसा त्याचाच, तरी दुःखातल्या कुटुंबाला प्रतिज्ञापत्रासाठी धावपळ करावी लागते. आपली नोंदवही म्हणजे बँक नव्हे. पण तीन-चार पिढ्या या गावात राहिलेल्या घराण्यांची नावे तिच्यात आहेत. उद्या एखादी नात आजोबांचे नाव शोधील, तेव्हा ते सापडले पाहिजे.

आपल्या गावाला लागू पडणारी एक चांगली बातमीही सांगतो. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली इस्की ही संकेतपद्धती प्रमाण मानली. तिच्यासोबतच्या इनस्क्रिप्ट कळपटात अनेक भारतीय लिप्यांची समान अक्षरे त्याच कळांवर ठेवली आहेत. आजच्या युनिकोडनेही तोच क्रम उचलला. मराठी क चा क्रमांक २३२५, कन्नड क चा ३२२१. मराठी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. दोन्हींत फरक ८९६ चाच! शाळेत कन्नड टायपिंग इनस्क्रिप्टवर शिकलेली आपली मुले त्याच बोटांनी मराठीही टाइप करू शकतात. घरी मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी लिहायला कचरणाऱ्या मुलांना ही वाट सोपी आहे.

तेव्हा सर्वांना विनंती अशी. नोंद करताना आडनाव घरात जसे लिहितात तसेच, देवनागरीत, सांगावे. ल की ळ, ट की त, हे स्पष्ट करावे. टाइप झाल्यावर एंटर दाबण्यापूर्वी पडद्यावरची ओळ स्वतः वाचावी. कऱ्हाडे, गोऱ्हे यांसारख्या नावांचा र प्रोग्राम आपोआप एकाच रूपात साठवतो, त्याची काळजी नको. बँकेच्या रिवाजाप्रमाणे एकाने केलेली नोंद दुसरा तपासून पास करील.

प्रोग्रामला क्रमांक जुळले की पुरे. ते क्रमांक आपल्याच माणसाचे आहेत ना, हे घरच्यांनाच सांगता येते. म्हणून नोंदणीला येताना घरातील वडीलधाऱ्यांना सोबत आणावे.