गिर्यारोहण, महाराष्ट्रातील
महाराष्ट्रात हिमाच्छादित शिखरे नाहीत, कळसूबाई (१,६४६ मी.) हे येथील सर्वोच्च शिखर होय. त्यामुळे येथील गिर्यारोहण मुख्यतः प्रस्तरारोहणाच्या स्वरूपाचे आहे. सह्याद्री आणि अजिंठ्याचे डोंगर, तसेच मलकापूरच्या (जि. बुलढाणा) उत्तरेकडील सातपुड्याच्या रांगा प्रामुख्याने बेसाल्ट खडकाच्या थरांच्या आहेत. कठीण थरांचे उभे कडे बनतात, तर मऊ थर झिजून उतार व अरुंद टप्पे तयार होतात. पावसाचे पाणी भेगांत शिरून दगड सैल होतात. म्हणून भक्कम दिसणारा आधारही तपासूनच त्यावर भार द्यावा लागतो. आरोहक भेगांत खिळे ठोकून त्यांना कड्यांच्या साहाय्याने दोर अडकवितो आणि सहकारी तो दोर सांभाळतो. आरोहक घसरल्यास त्याचे प्राण या सहकाऱ्याच्या सावधपणावर अवलंबून असतात. लिंगाणा सुळका व हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा येथील चढाया विशेष अवघड मानल्या जातात. गो. नी. दांडेकरांच्या दुर्गविषयक लेखनाने मराठी वाचकांत गडभ्रमंतीची आवड वाढविली. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ मध्ये एव्हरेस्ट सर केले. २०१२ मध्ये पुण्याच्याच ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक तेथे पोहोचले. सह्याद्रीत दोरकाम व धीर यांचा सराव होतो. हिम आणि विरळ हवा यांचा अनुभव मात्र हिमालयातच घ्यावा लागतो.