झार: आत्म्याशी जन्माचा करार

उत्तर सुदानमध्ये नाईलकाठच्या गावांत एखाद्या बाईचा गर्भ वारंवार पडू लागला, अन्नावरची वासना उडाली आणि दवाखान्याचे औषध, फकिराचा ताईत काहीच लागू पडेना, की शेजारणी म्हणतात, झार असेल, म्हणजे अंगात आत्मा शिरला असेल. मग शेखाला बोलावणे जाते. ही झारची जाणती बाई. स्वतःच्या अंगातल्या झारशी तिने आधीच जमवून घेतलेले असते.

शेखा निरनिराळे धूप जाळते. कोणत्या धुपाने बाई घुमू लागते, त्यावरून आत्म्याचे कूळ कळते. कुळे अनेक: हबशी, दरवेशी, गोरे खवाजा. खवाजांत इजिप्तवर हुकमत गाजवणारा लॉर्ड क्रोमरही आहे. प्रत्येकाचा ठेका, गाणे, पोशाख वेगळा. ढोलावर ज्याचे गाणे लागेल तो अंगात येतो आणि मागणे मांडतो. लुलिया ही हबशी गणिका नवरीचा साज मागते. मोठा विधी सात दिवसांपर्यंत चालतो, मेंढा कापला जातो आणि खर्चाचा भार घरच्या पुरुषांवर येतो.

झार झाडून काढता येत नाही. तो जन्माचा सोबती. त्याचे मागणे पुरवायचे आणि त्याने बाईला बरे ठेवायचे, असा हा करार. मानववंशशास्त्रज्ञ जॅनिस बॉडी १९७६ मध्ये अशा एका गावात राहायला गेल्या. तिथल्या विवाहित बायकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक जणींना झार असल्याचे त्यांनी नोंदवले. त्या गावात लहानपणीच मुलींची सुंता होई, पुढे बाळंतपण जिवावर बेते, आणि मूल झाले नाही तर बोल बाईलाच लागे. झारचे निदान तो दोष तिच्यावरून उचलते. सोने, अत्तर, नवे तोब (अंगभर गुंडाळायचे वस्त्र) मागण्याची सोय तिला मिळते, कारण मागणारा आत्मा असतो. बायका मात्र हे सोंग मानत नाहीत. झार त्यांच्यासाठी खराच आहे.

मौलवींनी झारला धर्मबाह्य ठरवले. सुदानमध्ये १९८९ नंतर आलेल्या राजवटीनेही त्याला विरोध केला. शेजारच्या इजिप्तमध्ये, कैरोत, मझाहेर हा संच झारची गाणी रंगमंचावर सादर करतो. त्यामुळे ठेके टिकतील, पण प्रेक्षकांपुढे कोणाचे गाऱ्हाणे मांडले जात नाही.

गर्भ का पडतो, याचा शोध डॉक्टरांनीच घ्यावा. त्या बाईचे दुःख मात्र घरादाराने मिळून ऐकावे, त्यासाठी पुरुषांनी पदरचे खर्चावे, हा दंडक झारने घातला. ऐकले जाण्याचा तो हक्क तिला झारशिवायही मिळायला हवा.