अमेरिकेतल्या कॉलेजच्या आखाड्यात माणूस घडतो का?

आज कुस्तीबद्दल बोलायचंय, पण सुरुवात एका अस्वलापासून करतो.

ऑक्टोबर २०२२. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात पॉवेल नावाचं छोटं गाव आहे. तिथे नॉर्थवेस्ट कॉलेज नावाचं दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणारं कॉलेज आहे. त्याच्या कुस्ती संघातली चार मुलं जवळच्या कोडी गावाबाहेरच्या डोंगरात फिरायला गेली होती. हरणांच्या जातीतले प्राणी दरवर्षी शिंगं टाकतात, ती गोळा करायचा तिकडे अनेकांना नाद असतो. त्या दिवशी ग्रिझली अस्वलानं एका मुलावर झडप घातली. त्याचा हात मोडला. दुसरा मुलगा पळून जाऊ शकला असता. तो पळाला नाही. त्यानं आरडाओरडा केला, लाथा घातल्या, शेवटी अस्वलाच्या अंगावरचे केस धरून त्याला ओढलं. अस्वल मित्राला सोडून त्याच्यावर उलटलं. डोकं, चेहरा, हात, सगळीकडे जखमा. पहिल्या मुलानं फोन करून मदत मागितली आणि बाकीच्या दोघांनी जखमी मित्राला डोंगराखाली आणलं. बऱ्याच शस्त्रक्रिया झाल्या, पण दोघंही वाचले.

ही बातमी जगभर गेली आणि कुस्तीप्रेमी म्हणू लागले, ‘बघा, कुस्ती हे शिकवते!’ मला ही गोष्ट फार आवडते. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो. कारण त्याच देशात, कॉलेजच्याच कुस्तीत, पंचवीस वर्षं आधी घडलेली दुसरी एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

नोव्हेंबर आणि डिसेंबर १९९७. अवघ्या पाच आठवड्यांत तीन वेगवेगळ्या विद्यापीठांतले तीन कुस्तीगीर मेले. एक नॉर्थ कॅरोलिनात, एक विस्कॉन्सिनमध्ये आणि एक मिशिगनमध्ये. वयं १९, २२ आणि २१. तिघंही वजन उतरवत होते. अंगात रबरी सूट, तापवलेली खोली, खाली व्यायामाची सायकल, आणि पाणी जवळजवळ बंद. शरीरातलं पाणी घामावाटे काढून ठरलेल्या वजनगटात बसायचं, वजन झालं की भरपूर पाणी पिऊन ताकद परत मिळवायची, ही तेव्हाची सर्रास पद्धत. वजन आदल्या दिवशीही घेता येत असे, त्यामुळे मधले तास मिळायचे. या मुलांना ते तास मिळालेच नाहीत. १९८२पासून अशा मृत्यूंची देशपातळीवर नोंद ठेवली जात होती, आणि कॉलेजच्या कुस्तीत वजन उतरवताना झालेले हे पहिले नोंदलेले मृत्यू होते.

आता जरा विचार करा. ही मुलं आळशी होती का? बेशिस्त होती का? उलट. अंगात येईल तेवढं सहन करायचं, थांबायचं नाही, संघासाठी वजन करायचंच, हे त्यांच्यात पुरेपूर मुरलं होतं. ज्या जिद्दीचं आपण कौतुक करतो तीच ही जिद्द. एका ठिकाणी तिनं मित्राला वाचवलं, दुसऱ्या ठिकाणी ती तिघांच्या जिवावर उठली. नुसती कुस्ती खेळल्यानं यातलं काय होणार हे ठरत नाही. ते भोवतालची माणसं आणि नियम ठरवतात. कॉलेजचा कुस्ती कार्यक्रम म्हणजे खरं तर हा भोवताल, आणि आज मला त्याबद्दल बोलायचंय.

अमेरिकेतल्या बहुतेक कॉलेज खेळांचं नियमन एनसीएए ही संघटना करते. त्या मृत्यूंनंतर जानेवारी १९९८मध्ये तिनं मोसमाच्या मध्यातच नियम बदलले. रबरी सूट बंद, सौना बंद, लघवी वाढवणारी औषधं बंद. सरावाची खोली २६ अंशांच्या वर तापवायची नाही. वजन लढतीच्या अगदी आधी घ्यायचं, म्हणजे पाणी काढून टाकणाऱ्याला ते भरून काढायला वेळच मिळणार नाही. पुढच्या मोसमापासून आणखी एक गोष्ट आली. मोसम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाच्या लघवीची तपासणी करून शरीरात पुरेसं पाणी आहे ना हे पाहायचं, मग चरबीचं प्रमाण मोजायचं आणि त्यावरून त्याचं किमान वजन ठरवून टाकायचं. त्याखालच्या गटात तो खेळूच शकत नाही. त्या वजनापर्यंत उतरायचं तेही आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त नाही. वजनगटही वर सरकवले. सगळ्यात हलका गट ११८ पौंडांचा होता, तो १२५ पौंडांचा, म्हणजे साधारण ५७ किलोंचा झाला.

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की मुलाला ‘नाही’ म्हणावं लागत नाही. एकोणीस वर्षांच्या पोरानं कोचसमोर उभं राहून ‘मला हे जमणार नाही’ म्हणायचं, ही अपेक्षाच चुकीची आहे. आपल्या तालमीत वस्तादासमोर कोण बोलतो? नियम त्याच्या वतीनं बोलतो.

बाकीची चौकट थोडक्यात सांगतो. मोसमात आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सराव, दिवसाला चार, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. अभ्यासात ठरावीक प्रगती नसेल तर खेळता येत नाही. आणि पैसा? आपल्याकडे समज असा, की अमेरिकेत खेळाडूला सगळं फुकट. कुस्तीत तसं नव्हतं. कित्येक वर्षं पहिल्या श्रेणीच्या एका संघाला फक्त ९.९ शिष्यवृत्त्या देता येत होत्या, आणि संघात मुलं असायची तीसेक. म्हणजे एकेक शिष्यवृत्ती तुकडे करून वाटायची. २०२५मध्ये ही मर्यादा गेली आणि त्याऐवजी संघात किती मुलं असावीत याची मर्यादा आली. तिसऱ्या श्रेणीच्या कॉलेजांत तर खेळासाठी शिष्यवृत्ती नसतेच. व्यावसायिक कुस्तीत पुढे मोठा पैसा आहे असंही नाही. (टीव्हीवरची ती नाटकी कुस्ती वेगळी.) त्यामुळे पदवीनंतर या मुलांना साधी नोकरीच करायची असते. अशा खेळात आई-बापांना कोच काय सांगणार? ‘तुमचा मुलगा माणूस म्हणून घडेल.’ चारित्र्याची भाषा कॉलेज कुस्तीत एवढी का बोलली जाते, याचं एक कारण हे व्यवहारी आहे. ते लपवण्यात अर्थ नाही.

कोच काय करतो याची दोन टोकं बघा. डॅन गेबल हा आयोवाचा. शाळा आणि कॉलेज मिळून सलग १८१ कुस्त्या जिंकल्या आणि १९७०मध्ये कॉलेजमधली शेवटची, राष्ट्रीय अंतिम लढत हरला. दोन वर्षांनी म्युनिकला ऑलिंपिक सुवर्ण घेतलं, तेही एकही गुण न देता. पुढे आयोवा विद्यापीठाचा कोच म्हणून १५ राष्ट्रीय विजेतेपदं. त्या एका हारेनं आपल्याला घडवलं, असं तो नेहमी सांगत आला. त्याची शाळा कष्टाची, दमवून टाकणारी.

दुसरा केल सँडरसन. कॉलेजमध्ये १५९ लढती, १५९ विजय. २००४ला अथेन्सचं सुवर्ण. २००९पासून तो पेन स्टेटचा कोच आहे आणि २०११ ते २०२५ या काळात त्याच्या संघानं १२ राष्ट्रीय विजेतेपदं घेतली. त्याचा संघ मात्र हसत खेळतो. कृतज्ञता, मजा, मोकळेपणानं चाल करणं, असे शब्द त्या संघाकडून सतत ऐकू येतात. एकच मार्ग बरोबर असता तर या दोघांपैकी एक अपयशी ठरला असता. म्हणून ‘कडक शिस्तीशिवाय चारित्र्य नाही’ असं कुणी ठासून सांगितलं की मी जरा सावध होतो.

आता समाजसेवा. अमेरिकेत खेळाडूंनी महिन्यातून अमुक तास सेवा करायची, शाळेत जाऊन पुस्तक वाचून दाखवायचं, रुग्णालयात मुलांना भेटायचं, असं सर्रास चालतं. एनसीएएची दुसऱ्या श्रेणीची कॉलेजं आजारी मुलांच्या इच्छा पुरवणाऱ्या मेक-अ-विश संस्थेसाठी निधी जमवतात. तिसऱ्या श्रेणीची कॉलेजं २०११पासून स्पेशल ऑलिंपिक्सबरोबर काम करतात. यातलं बरंचसं फोटोपुरतं असतं. खेळाडू येतात, टोप्या वाटतात, जातात.

टिकणारं काम वेगळं दिसतं. न्यूयॉर्कमध्ये ‘बीट द स्ट्रीट्स’ नावाची संस्था आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाचा माजी कुस्तीगीर आणि नंतर वॉल स्ट्रीटवर पैसा कमावलेला माईक नोवोग्राट्झ तिच्या उभारणीत पुढे होता. शहरातल्या सरकारी शाळांमध्ये कुस्ती न्यायची, गरीब वस्त्यांतल्या मुला-मुलींना मॅट आणि कोच द्यायचा, हे तिचं काम. पुढे फिलाडेल्फियासारख्या शहरांतही असं काम उभं राहिलं. कॉलेजात कुस्ती खेळलेले तरुण तिथे शिकवतात.

शिकवणाऱ्याचं यात काय होतं ते समजायला तालमीत एकदा लहान मुलांचा सराव बघा. आठ वर्षांच्या मुलाला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. पडायचं कसं ते शिकवतात. कॉलेजातल्या पैलवानाला आपली ताकद आवरून, स्वतः मुद्दाम खाली जाऊन, त्या पोराला डाव लागू द्यावा लागतो. पोरगं रडलं तर थांबावं लागतं. पुढच्या आठवड्यात ते आलं नाही तर का आलं नाही याची चौकशी करावी लागते. आठवडाभर समोरच्याला दाबण्याचा सराव करणाऱ्या मुलाला हे करावं लागतं, आणि एकदा नाही, दर शनिवारी. टोप्या वाटून हे होत नाही.

समाजाशी नातं ठेवण्यात संघाचा स्वार्थही आहे, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. १९७०च्या दशकात पहिल्या श्रेणीत दीडशेच्या आसपास कुस्ती संघ होते, आज ऐंशीच्या आसपास उरलेत. जुलै २०२०मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं कुस्तीसह ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं. माजी खेळाडू उभे राहिले, पैसा जमवू लागले. मार्च २०२१मध्ये स्टॅनफर्डचा शेन ग्रिफिथ विद्यापीठाचं नाव नसलेला कोरा काळा पोशाख घालून राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १६५ पौंडांच्या गटात विजेता झाला. मे महिन्यात विद्यापीठानं निर्णय मागे घेतला. त्या काळ्या पोशाखाचा फोटो सगळ्यांना आठवतो. त्याच्यामागे वर्षभर फोन करणारी, पत्रं लिहिणारी जुनी मुलं होती, ती कुणाला आठवत नाहीत.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी. ओहायो स्टेट विद्यापीठात एका डॉक्टरनं १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळपास वीस वर्षं विद्यार्थ्यांचं लैंगिक शोषण केलं. २०१९च्या चौकशी अहवालात किमान १७७ जणांची नोंद आहे, आणि त्यांत बरेच कुस्तीगीर होते. दणकट, कुणालाही उचलून आपटू शकणारे. तरी बोलता आलं नाही. विद्यापीठातल्या अनेकांच्या कानावर तक्रारी गेल्या होत्या, तरी ते थांबलं नाही. २०१८मध्ये पुढे येऊन बोलणाऱ्यांत माजी कुस्तीगीरच आघाडीवर होते, तेव्हा त्यातले कित्येक चाळिशी-पन्नाशीत पोचले होते. कॉलेजांच्या माहितीपत्रकात ‘कणखरपणा’ हा शब्द वाचला की मला हे प्रकरण आठवतं. तक्रार कुणाकडे करायची आणि ती ऐकून घेणारा माणूस कोच नसून दुसरा कुणी आहे का, हे त्या पत्रकात सहसा नसतं. मुलाला परदेशी कॉलेजात पाठवणाऱ्या पालकांनी शिष्यवृत्तीच्या आधी हेच विचारावं, असं माझं मत आहे.

शेवटी घराकडे येतो, कारण या गोष्टीचा एक धागा खरोखर आपल्याकडे आहे. खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं गेले. तिथे त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे धडे दिले ते रीस गार्डनर या अमेरिकी कुस्तीगिरानं. मातीत वाढलेला मुलगा, पहिल्यांदा मॅटवर, आणि सहावा आला. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खेळाडूनं समाजाला काय द्यावं यावर आपण तासभर बोललो, इथे देणारा प्राचार्य होता. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आणि परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, लढले, आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.